ऑनलाइन लिलावातली वस्तू परत करायची कशी: आधी नोंद, मग पार्सल

नाशिकमध्ये नाणी, टपाल तिकिटं, जुनी घड्याळं, कॅमेऱ्याच्या लेन्स यांचा नाद असलेली पुष्कळ मंडळी आता ऑनलाइन लिलावात बोली लावतात. वस्तू मनासारखी निघाली नाही की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे, त्याने 'पाठवून द्या, बघतो' म्हटलं की घराजवळच्या कुरिअरवाल्याकडे पार्सल द्यायचं आणि वाट बघायची. महिना उलटतो, विक्रेता फोन उचलेनासा होतो आणि साइटवर जाऊन बघावं तर तक्रारीची मुदत संपलेली असते. वस्तूही गेली, पैसेही गेले.

अशा प्रकरणात नुसती बाजू खरी असून भागत नाही. साइट, बँक आणि ग्राहक आयोग, तिघंही नोंद बघतात: विक्रेत्याने काय लिहिलं होतं, हातात काय आलं, तुम्ही कधी कळवलं आणि कुठे कळवलं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. घाई करायची ती नोंद करण्याची. पार्सल पाठवण्याची घाई कधीच नको.

१. पार्सल फोडण्याआधी

लिलावाचं पान आधी जपून ठेवा. शीर्षक, पूर्ण वर्णन, सगळे फोटो, 'स्थिती' या रकान्यातला मजकूर आणि परतीच्या अटी, या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या किंवा पान पीडीएफ करून ठेवा. लिलाव संपल्यावर काही दिवसांनी ही पानं दिसेनाशी होतात, आणि मग 'असं लिहिलंच नव्हतं' या उत्तरावर तुमच्याकडे काही उरत नाही. खरं तर हे काम बोली जिंकली त्याच दिवशी करायचं.

पार्सल आलं की खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो काढा. लेबलवरचं वजन वाचता येईल असा एक फोटो जवळून घ्या. मग फोडतानाचा व्हिडिओ: सुरुवात सीलबंद लेबलपासून, शेवट वस्तू हातात घेऊन सगळ्या बाजूंनी दाखवण्यावर, मध्ये एकदाही न थांबवता. घरात दुसरं कोणी असेल तर फोन त्यांच्या हातात द्या. एका हाताने कटर आणि दुसऱ्या हाताने फोन धरला की नेमका महत्त्वाचा क्षण चौकटीबाहेर जातो.

खोकं, बबल रॅप, आतली चिठ्ठी, काहीही फेकू नका. भंगारवाल्याला रद्दी देण्याची सवय असलेल्या घरात हे बजावून सांगावं लागतं.

*तपासा:* डिलिव्हरीची तारीख कुठेतरी लिहून ठेवलीत का? पुढची मुदत तिथूनच मोजायची आहे.

२. वस्तू तपासा, पण तिच्यात बदल करू नका

सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया म्हणून घेतलेलं नाणं आलं आणि शंका आहे. या रुपयाचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी सुमारे ९१.७ टक्के. वापरून झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं, ते चालतं. पण दहा ग्रॅमच्या खाली भरलं तर गडबड आहे. सराफ बाजारात ओळखीच्या सराफाकडे जा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून घ्या आणि काट्याचा आकडा व नाणं एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. दुकानाच्या छापील चिठ्ठीवर वजन, तारीख आणि शिक्का मिळाला तर फारच उत्तम. लोहचुंबक लावून बघा. चांदी चिकटत नाही. नाणं चिकटलं तर तेवढाच व्हिडिओ पुरावा म्हणून बोलका असतो.

सराफाला एक गोष्ट मात्र आधीच सांगा: कस लावायचा नाही, ॲसिडचा थेंब टाकायचा नाही. आणि घरी कोणी चिंच किंवा लिंबू लावून नाणं उजळवू नये. एक ओरखडा पडला किंवा जुनी छटा गेली की 'वस्तू मूळ स्थितीत नाही' म्हणून विक्रेता परत घेणं नाकारेल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं ठरणार नाही.

लेन्स असेल तर ॲपर्चर (लेन्सच्या आतलं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागच्या बाजूने टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. बुरशी असली तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. फरक फोटोत यायला हवा, त्यामुळे खोलीतला दिवा बंद करून फोटो घ्या. विक्रेत्याने 'काच स्वच्छ' लिहिलं असेल तर हा एक फोटो पुरे. नुसत्या धुळीवर मात्र भांडू नका. जुन्या लेन्समध्ये थोडी धूळ असतेच आणि साइटही ती दोष धरत नाही.

चावीच्या घड्याळात पूर्ण चावी देऊन चोवीस तास ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी फोनवरच्या वेळेसोबत फोटो घ्या. मागचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतलं यंत्र बघितल्याशिवाय खात्री होणार नसेल, तर साइटच्या संदेशपेटीतून विक्रेत्याची लेखी परवानगी घ्या आणि मगच घड्याळजीकडे जा. एम. जी. रोडवर मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू दाखवायला नेत असाल तर तिथेही तोच नियम: बघू द्या, स्क्रू काढू देऊ नका.

*सावधान:* दुरुस्त करून घेऊन 'तेवढे पैसे द्या' म्हणणं ही नेहमीची चूक. दुरुस्तीनंतर मूळ दोष दाखवायला काही शिल्लक राहत नाही.

३. परत करण्याचं कारण नक्की करा

कारणं दोनच प्रकारची असतात. एक, वस्तू वर्णनाशी जुळत नाही: दोष लपवलेला, भाग कमी, नकली, तुटलेली किंवा चुकीचीच वस्तू. दोन, वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे, पण तुम्हाला पसंत पडली नाही किंवा बोली जास्त गेली असं आता वाटतंय.

पहिल्या प्रकारात विक्रेत्याने 'परत घेतली जाणार नाही' असं लिहिलेलं असलं तरी ईबे या परदेशी लिलाव साइटची पैसे-परत हमी लागू होते, आणि परतीचा खर्च विक्रेत्याकडे जातो. दुसऱ्या प्रकारात सगळं विक्रेत्याच्या जाहीर अटींवर अवलंबून असतं. त्याने परतीची सोय ठेवली नसेल तर विषय तिथेच संपतो. ठेवली असेल तर बहुधा टपालखर्च तुमचा.

दुसरं कारण असताना पहिलं निवडू नका. ते खोटं आहे, आणि विक्रेत्याचे फोटो शेजारी ठेवले की उघडं पडतं. उलट चूकही पुष्कळांकडून होते: वस्तू खरोखर दोषी असते, पण संकोचापोटी पहिल्या संदेशात 'मला फारशी आवडली नाही, परत घ्याल का?' असं लिहिलं जातं. मग साइट ते दुसऱ्या कारणात धरते. संकोच बाजूला ठेवून दोषच लिहा.

भारतीय लिलावगृहांकडून घेतलं असेल तर त्यांच्या अटी वेगळ्या असतात. अनेक वस्तूंचा एकत्र लॉट बहुधा 'जसा आहे तसा' विकतात आणि परत घेत नाहीत. एकेरी वस्तू नकली ठरली तरच परतीची सोय असते, तीही थोड्या दिवसांची. पण 'जसा आहे तसा' म्हणजे वाटेल ते वर्णन करण्याची मुभा असा अर्थ होत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे. त्याच कायद्याचं कलम ४२ मात्र तुमच्यावर उलटू शकतं: नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ वस्तू ठेवली, तर ती स्वीकारली असं धरलं जातं.

४. मुदतीच्या आत साइटवरच रिटर्न उघडा

ईबेवर ही मुदत प्रत्यक्ष डिलिव्हरीपासून ३० दिवसांची. विक्रेत्याशी कितीही छान बोलणं चालू असलं तरी ती थांबत नाही.

'खरेदी' मध्ये जाऊन त्या वस्तूसमोरचा रिटर्नचा पर्याय निवडा, खऱ्या कारणावर टिक करा, फोटो जोडा. मजकूर छोटा आणि मोजका हवा. असा:

'आपल्या वर्णनात नाण्याचं वजन ११.६ ग्रॅम आणि धातू चांदी असं लिहिलं आहे. मिळालेलं नाणं ९.८ ग्रॅम भरतं आणि लोहचुंबकाला चिकटतं. वजनाचा आणि चुंबकाचा फोटो जोडला आहे. नाणं मिळालं तसंच आहे, साफ केलेलं नाही. पूर्ण रक्कम परत हवी आहे. परतीचं लेबल किंवा परतीचा टपालखर्च पाठवावा.'

परदेशी विक्रेत्याला हेच सोप्या इंग्रजीत, याच क्रमाने लिहा. राग, धमकी, 'तुमच्यासारख्या लोकांमुळे' वगैरे काही नको. हा मजकूर पुढे साइटचा माणूस वाचणार आहे, आणि त्याला फक्त वर्णन आणि वस्तू यांतला फरक हवा असतो.

भारतीय लिलावगृहाच्या साइटवर असं बटण नसेल तर नोंदवलेल्या ईमेलवर हाच मजकूर पाठवा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही प्रत द्या. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

*सावधान:* अभिप्राय आत्ताच देऊ नका. पैसे परत यायच्या आधी वाईट अभिप्राय टाकला की विक्रेत्याला सहकार्य करण्याचं कारण उरत नाही.

५. विक्रेत्याचं उत्तर

ईबेवर विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात. तेवढ्यात तोडगा निघाला नाही तर 'ईबेने मध्यस्थी करावी' हा पर्याय खुला होतो. तो वापरायला भिऊ नका. तो त्यासाठीच आहे.

उत्तर आलंच तर बहुधा यांपैकी एक असतं. 'थोडे पैसे परत देतो, वस्तू ठेवा': हिशेब करून पटलं तरच घ्या, आणि तेही साइटमधूनच. 'तक्रार बंद करा, मी लगेच पैसे टाकतो': कधीही नाही. बंद केलेली विनंती पुन्हा उघडत नाही. 'व्हॉट्सॲपवर बोलू': नम्रपणे नकार द्या आणि संदेशपेटीतच लिहा. फोन झालाच तर फोननंतर लगेच संदेशपेटीत 'आत्ता फोनवर आपण असं म्हणालात' हे टाका.

*सावधान:* परतावा देतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर ती फसवणूक आहे. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करू नका, साइटच्या आतूनच संपर्क करा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर, कळवा.

६. परदेशात परत पाठवायचं असेल तर आधी हे बघा

वस्तू शंभर वर्षांहून जुनी आहे का? असेल तर थांबा. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे किमान शंभर वर्षं जुनं नाणं, शिल्प, चित्र किंवा कारागिरीची वस्तू 'पुरावशेष' ठरते. हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षं. पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९१८ सालचा रुपया लंडनच्या विक्रेत्याकडून घेतलात आणि परत पाठवायला निघालात, तर तुम्ही नकळत कायदा मोडाल. अशा वेळी रिटर्नच्या विनंतीतच ही अडचण लिहा आणि वस्तू परत न घेता पूर्ण किंवा अंशतः परतावा मागा. अर्थात यावरचा खरा उपाय बोली लावण्याआधीचा आहे: शंभरी पार केलेली वस्तू परदेशातून घ्यायची तर परतीचा रस्ता बंद आहे असं धरूनच घ्या.

वस्तूत लिथियम बॅटरी असेल तर टपाल आणि कुरिअर दोघांचे निर्बंध आधी विचारा.

आणि सीमाशुल्क. विक्रेता वस्तूची किंमत आणि मूळ टपालखर्च परत करतो. तुम्ही भारतात भरलेलं शुल्क त्याच्याकडून मिळत नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २६अ मध्ये त्याची सोय आहे: वस्तू सदोष किंवा ठरल्याप्रमाणे नसेल, दोष कळण्यापुरतीच वापरली असेल आणि सीमाशुल्क खात्याने माल सोडण्याचा आदेश दिल्यापासून ३० दिवसांत परत निर्यात केली असेल, तर शुल्काचा परतावा मागता येतो. त्यासाठी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडच्या आयात नोंदीची, प्रत लागते. ती कुरिअर कंपनीकडून पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. शुल्क हजार-दोन हजारांचं असेल तर मी यामागे लागायला सांगणार नाही, कागदपत्रांचा त्रास जास्त होतो. वीस-पंचवीस हजार भरले असतील तर कस्टम्स ब्रोकरचा, म्हणजे सीमाशुल्काची कामं करून देणाऱ्या एजंटाचा, सल्ला घ्याच.

७. पॅकिंग आणि पाठवणी

विनंती मंजूर होऊन परतीचा पत्ता साइटवर दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. पार्सलवरच्या जुन्या लेबलवरचा पत्ता आणि परतीचा पत्ता वेगळे असू शकतात.

शक्यतो आलेलं खोकंच वापरा. ते फाटलं असेल तर नवीन, जाड पुठ्ठ्याचं घ्या. घरात पडलेलं द्राक्षाचं खोकं नको. त्याला हवेसाठी भोकं असतात आणि वरून दाब आला की ते बसतं. पावसाळ्यात वस्तू आधी प्लास्टिकच्या पिशवीत सील करा, मग बबल रॅप. खोकं हलवून बघा, आत काही हललं तर पुन्हा भरा. बंद करण्याआधी वस्तूचा, आतल्या पॅकिंगचा आणि वजनकाट्यावरच्या बंद खोक्याचा व्हिडिओ घ्या. 'रिकामं खोकं आलं' या आरोपाला पावतीवरचं वजन हेच उत्तर आहे.

देशांतर्गत पाठवायचं तर स्पीड पोस्ट मला सर्वांत भरवशाचं वाटतं. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर 'रजिस्टर करा' म्हणण्याऐवजी स्पीड पोस्टला पोहोचल्याची सही आणि विमा मागा. नाणी, दागिने, चांदीच्या वस्तू विम्याशिवाय पाठवूच नका. परदेशी पार्सलसाठी त्र्यंबक नाक्याजवळच्या मुख्य टपाल कार्यालयात जा. ओळखपत्राची प्रत आणि लिलावाच्या बिलाची छापील प्रत सोबत ठेवा.

सीमाशुल्काच्या फॉर्मवर खरी किंमत लिहा आणि 'सदोष माल परत' असं स्पष्ट नमूद करा. 'भेटवस्तू' लिहू नका आणि किंमत पाडून लिहू नका. पार्सल हरवलं तर भरपाईही त्याच आकड्याने मिळते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, म्हणून तिकडे पाठवताना सध्याचा नियम खिडकीवर विचारूनच पुढे जा.

*तपासा:* ट्रॅकिंग क्रमांक साइटवर भरलात का? ही नोंद नसेल तर साइटच्या दृष्टीने तुम्ही काही पाठवलेलंच नाही. पावतीचा फोटोही लगेच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात.

८. विक्रेत्याने हात वर केले तर

ईबेवर परत गेलेली वस्तू पोहोचली की विक्रेत्याने दोन कामकाजाच्या दिवसांत परतावा द्यायचा असतो. नाही दिला तर पुन्हा मध्यस्थी मागा.

साइटचा निर्णय विरोधात गेला किंवा साइटच दाद देत नसेल, तर कार्डाने पैसे भरलेल्यांना बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. साइटची प्रक्रिया चालू असताना चार्जबॅक टाकू नका. ईबे मग आपली तक्रार बंद करतं. पण बँकेची मुदतही लक्षात ठेवा, शाखेत किंवा ॲपवर ती आधीच विचारून घ्या. पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेने भरलं असेल तर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद नोंदवता येतो, आणि नोंदवल्यापासून २० दिवसांत तो दाव्यात बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. 'साइटबाहेर जीपे करा, दहा टक्के सूट देतो' या आमिषाला बळी पडलेल्यांसाठी यातला एकही मार्ग उरत नाही.

विक्रेता किंवा साइट भारतातली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता कोलकात्याचा असला तरी प्रकरण नाशिकला चालतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. दोन अडचणी मात्र आहेत. पुढे विकण्यासाठी माल घेतला असेल तर तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही. आणि विक्रेता घरातली एखादी जुनी वस्तू विकणारा साधा माणूस असेल, व्यापारी नसेल, तर त्याला ई-कॉमर्स नियम लागू होत नाहीत. परदेशातल्या एकट्या विक्रेत्याविरुद्ध आयोगाचा आदेश मिळाला तरी वसुली जवळपास अशक्य आहे. तिथे साइट आणि बँक हेच दोन खरे दरवाजे.

९. पैसे आल्यावर

रक्कम नीट जुळवा: वस्तूची किंमत, मूळ टपालखर्च, तुम्ही भरला असल्यास परतीचा टपालखर्च. भारतीय लिलावगृहाकडे लिलावाचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटीही मागा, तो विसरला जातो. परकीय चलनात दिलेले पैसे परतावा येईल त्या दिवसाच्या दराने परत येतात, त्यामुळे रुपयांत थोडा फरक पडेल. त्यावर तक्रार करून उपयोग नाही. बँकेच्या खात्यात नोंद दिसली की मगच विनंती बंद करा आणि अभिप्राय लिहा. कलम २६अ खाली शुल्क मागायचं असेल तर फाइल अजून बंद करू नका, त्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते.